तीन परस खोल

लखमाकाका प्रयोगशाळेत आले की आधी शर्टाच्या डाव्या खिशावर हात ठेवायचे, मग पायरीवर चपला काढायचे आणि दारातूनच विचारायचे, "बाय, हायस का?" मी समोर टेबलाशीच बसलेली असायची. दिसत असायची. तरी विचारायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "नाही, मी नाहीये." तर हा गृहस्थ खरोखर बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि मी हाक मारीपर्यंत उठला नाही. आत आल्यावर म्हणाले, "आता आलीस काय?" चेहऱ्यावर हसू म्हणाल तर नाव नाही. माझी चेष्टा करत होते की काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी जव्हारला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. मूळची साताऱ्याकडची. इथे आले तेव्हा वाटलं होतं, वर्षभर काढायचं आणि बदली मागायची. ते वर्ष कधी सरलं ते आता आठवतही नाही. लखमाकाका मोखाड्याच्या बाजूच्या कुड्याच्या पाड्यावरचे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, म्हणजे विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पावडर टाकायची, पाण्याचे नमुने भरायचे आणि आमच्याकडे आणून द्यायचे, हे त्यांचं काम. पण ते म्हातारपणाचं काम. उभं आयुष्य त्यांनी विहिरी खणल्या होत्या. पहार, घण आणि टोपली, एवढ्यावर. हाताची बोटं अशी जाड की आमच्या नळाची तोटी ते बंद करून गेले की पुन्हा कोणाला उघडायची नाही. मी शेवटी ड्रॉवरमध्ये पक्कड आणून ठेवली. आमचा शिपाई तिला 'लखमाकाकाची पक्कड' म्हणायचा.

जगातली कुठलीही गोष्ट ते परसांत मोजायचे. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. विहीर खणणाऱ्यांचं ते माप. आमची इमारत दोन परस. दरीतला धबधबा वीस परस. मी एम.एस्सी. झालेय म्हटल्यावर त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे लय खोल गेलीस." खोल म्हणजे चांगलं, उथळ म्हणजे वाईट, अशी त्यांच्या डोक्यात सरळ विभागणी होती. उथळ विहीर होळीच्या आधीच आटते, खोल विहीर बायकांना तारते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांचं चूक तरी कसं म्हणायचं?

आता खिशातली बाटली. आम्ही जलसुरक्षकांना बोटभर उंचीच्या बाटल्या देतो. आत औषध असतं. विहिरीचं पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि दोन दिवस उबेत ठेवायची. पाणी पिवळसरच राहिलं तर ठीक. काळं पडलं तर पाण्यात माणसाच्या नाहीतर जनावराच्या घाणीचे जंतू आहेत, पिऊ नका. इतकं सोपं. पण जव्हार-मोखाड्याची थंडी म्हणजे काही चेष्टा नाही, तिथे ऊब आणायची कुठून? बाकीचे जलसुरक्षक बाटली चुलीजवळ ठेवायचे आणि विसरायचे, मग ती शिजायची. लखमाकाका ती खिशात ठेवायचे. दोन दिवस, दोन रात्री, अंगाच्या उबेला. "निजताना डाव्या कुशीवर वळत नाय," ते सांगायचे, "फुटंल." त्यांच्या सुनेनं मला एकदा हसत सांगितलं होतं की नातवंडांना इतकं कधी जपलं नाही या माणसानं.

आणि लबाडी नावाची गोष्ट त्यांना खपायची नाही. काही बहाद्दर आधी विहिरीत ओंजळभर पावडर टाकतात आणि मग बाटली भरतात. पावडरीनं जंतू मरतात, बाटली पिवळी राहते, गाव खूश, साहेब खूश. असा एक जण एकदा माझ्यासमोर नमुना ठेवत होता. लखमाकाका शेजारी बसले होते. त्यांनी ती बाटली उचलली, झाकण काढून वास घेतला आणि त्याला म्हणाले, "भाऊ, तुझ्या घरात कोनी पेतं का ह्या हिरीचं?" तो म्हणाला, पितात की. "मग कोनाला फसवतोस?" आवाज चढवला नाही, काही नाही. तो माणूस बाटली घेऊन निघून गेला आणि चार दिवसांनी खरी भरून घेऊन आला. काळी होती.

अशा माणसाच्या स्वतःच्या विहिरीची बाटली काळी आली, तेव्हा काय झालं असेल!

ती विहीर पाड्यावर पिण्याच्या पाण्याची एकुलती एक. तरुणपणी लखमाकाकांनीच खणलेली, साडेचार परस. कठड्याच्या सिमेंटवर ओलं असताना कोणीतरी काडीनं 'लखमा' असं नाव कोरलेलं होतं. गावात तिला 'लखमाची हिर' म्हणत. नवी नवरी आली की तिला आधी हीच दाखवायची.

पहिली काळी बाटली आली तेव्हा काका म्हणाले, बाटली खराब असेल. मी दुसरी दिली. तीही काळी. मग म्हणाले, पोहरा घाण असेल. पोहरा उकळून घेतला. तिसरीही काळी, अगदी काजळासारखी. तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि बाटली उजेडाकडे धरून फिरवली. ते दिवस थंडी सरतानाचे. त्याच आठवड्यात पाड्यावरच्या जानीबायची चार वर्षांची नात जुलाब-उलट्यांनी बेजार झाली होती, तिला सलाईन लागलं होतं. पोर वाचली, पण गाव घाबरलं.

मी पाड्यावर गेले. मोखाड्यापासून जीप आणि पुढे पायी. विहिरीच्या वरच्या अंगाला उतारावर सात संडास होते. गेल्या चार-पाच वर्षांत बांधलेले. आमचा खडक भेगांचा आहे. वरून मुरूम, खाली फुटका काळा दगड. शोषखड्डा खोल गेला आणि त्या भेगेला लागला, की घाण थेट विहिरीच्या झऱ्यात. मी हे सांगितलं आणि काका तडक उठले ते जानीबायच्या दारात. तिचा संडास विहिरीला सगळ्यात जवळचा होता. तिथे ते जे बोलले ते मी ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझ्या घानीनं तुझीच नात मारत होतीस, आता गाव मारशील!" जानीबाय दारात उभी, कडेवर ती मलूल पोर. ती तशीच मागे वळली. आत गेली आणि दार लावलं.

मी काकांना म्हटलं, "अहो, असं डोळ्यांनी बघून कळत नाही. तपासावं लागतं." तपासायची साधी रीत आहे. एकेका खड्ड्यात खडेमिठाचं पोतं आणि भरपूर पाणी ओतायचं आणि विहिरीचं पाणी सकाळ-संध्याकाळ मीटरनं मोजायचं. ज्या खड्ड्याचं मीठ विहिरीत येईल, त्याची घाणही तिथूनच येते. पेनासारखा एक मीटर असतो, पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. तो मी त्यांना वापरायला दिला. रजिस्टरमध्ये त्याची नोंद केली नाही, हेही इथे कबूल करून टाकते.

जानीबायच्या खड्ड्यात पहिलं पोतं गेलं. आठवडाभर आकडा हलला नाही. मग दुसरा खड्डा, तिसरा, चौथा. काका दर आठवड्याला येऊन सांगायचे, "नाय आलं." पाचवा, सहावा. "नाय आलं." मग एक दिवस येऊन नुसतेच बसले.

"सातवा कोणाचा?" मी विचारलं. मला ठाऊक होतं.

"माझा. पन त्याचं काय काम नाय. माझा खड्डा चांगला हाय. मी सोता खनला, तीन परस." मग त्यांच्या आवाजात तो जुना अभिमान आला, "सगल्यांचे भरतात, उपसाया लागतात. माझा एकदा पन भरला नाय. पाच वरसं झाली."

मी म्हटलं, "काका, जो खड्डा भरत नाही, त्यातलं जातं कुठं?"

या माणसानं आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं की अमुक झऱ्याला तमुक भेगेतून पाणी येतं. जमिनीच्या पोटातला रस्ता त्याला माझ्यापेक्षा दसपट कळत होता. पण संडासाचा खड्डा खणतानाही त्याच्या हातानं विहीरच खणली. दुसरं काही त्या हाताला येतच नव्हतं. पहारीला फुटका दगड लागला, पाणी झपकन मुरलं, आणि याला वाटलं, वा! काय काम झालं! ते उठले, नळावर हात धुतले, तोटी नेहमीसारखी आवळली आणि गेले. चहाचा कप तसाच.

सहाव्या दिवशी फोन आला. दोनच शब्द. "मीठ आलं."

मी म्हटलं, "काका, कोणाला सांगू नका, मी येते, आपण बघू कसं..." खरं सांगते, मला त्यांना वाचवायचं होतं. म्हातारा माणूस, शरमेनं काही करून बसेल, ही धास्ती. ते म्हणाले, "ये. पन मी लोकं बोलावलीत."

मी पोचले तेव्हा सगळा पाडा विहिरीभोवती जमलेला. काका कठड्याशी उभे, टोपी हातात. त्यांनी मीटर माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मीठ माझ्या खड्ड्याचं आलं. जाने, तुझ्या नाय. हिर मीच खनली, आन मीच बाटवली."

मग जानीबाय पुढे आली. "माझी पोर मरनातून आली, तवा तू माझ्या दारात काय बोलला होतास?"

"बोललो."

"काय बोललास ते सांग सगल्यांना."

आणि त्यांनी सांगितलं. शब्दन् शब्द. "'तुझ्या घानीनं तुझीच नात मारत होतीस, आता गाव मारशील.' असं बोललो." मला वाटलं, पुढे काहीतरी म्हणतील, चुकलो वगैरे. ते काही म्हणाले नाहीत. खाली बसले, पिशवीतून छिन्नी काढली आणि कठड्यावरचं आपलं नाव तासायला लागले. सिमेंट जुनं, घट्ट. छिन्नीचा आवाज कितीतरी वेळ येत होता. कोणी थांबवलं नाही. मलाही धीर झाला नाही.

तेव्हापासून पाड्यावर कोणी 'लखमाची हिर' म्हणेना. नुसती 'हिर'.

पुढचं काम मी कागदावर लिहून दिलं, पण केलं त्यांनी. आपला खड्डा उपसून, चुना आणि राख टाकून, काळ्या मातीनं ठोकून ठोकून बुजवला. विहिरीच्या खालच्या अंगाला कमरेइतके उथळ दोन खड्डे खणले. एक भरला की दुसरा वापरायचा. उथळ खड्डा खणताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं हो. गवयाला मुद्दाम बेसूर गायला लावावं तसं. मधेच थांबायचे, "बस?" विचारायचे. मी म्हणायची, "बस, काका. पुढे जाऊ नका." मग बाकीच्या सहा घरांचेही खड्डे त्यांनी तसेच करून दिले. जानीबायचा सगळ्यात आधी. ती घरात असताना जायचे नाहीत, ती रानात गेली की जायचे.

विहीर इंजिन लावून पार उपसली, गाळ काढला, आतून घासली. पण जमिनीच्या पोटातलं पाणी काही भांडं नाही घासून ठेवायला. ते धुवायला येणारा अख्खा पावसाळा भेगांमधून वाहून जावा लागतो, आणि तोवर विहीर पुन्हा पुन्हा उपसून पाणी रानात सोडावं लागतं. म्हणजे पावसाळाभर कोणी ते पाणी प्यायचं नाही. दारात भरलेली विहीर, आणि बायकांनी चिखलातून खाली ओहळाच्या झऱ्यावर जायचं. मी दोनदा सभा घेतली, पत्रकं चिकटवली. लोकांनी माना डोलावल्या. मला कळत होतं, हे आठ दिवसही टिकणार नाही.

तेव्हा काका उठले. म्हणाले, "कवळी देवाला दावल्याबिगर कोन खातं?"

पावसाच्या सुरुवातीला रानात कोवळ्या भाज्या उगवतात, त्याला ही माणसं कवळी म्हणतात. घरात दाणा नसेल तरी ती देवाला दाखवल्याशिवाय कोणी जिभेवर ठेवत नाही. लहान मूलसुद्धा नाही. कोण खातं, असं विचारल्यावर सगळे हसलेच.

"मग ह्या पान्याचं पन तसंच धरा. बाटली पिवळी येईल, तवा दावू, तवा पिऊ. एक नाय, तीन बाटल्या." आणि थोडं थांबून म्हणाले, "मी तं सगल्यांच्या मागून."

झालं! माझी पत्रकं गेली पावसात भिजून. पण त्या पावसाळ्यात कुड्याच्या पाड्यावर एकाही माणसानं त्या विहिरीचा थेंब तोंडात घातला नाही. काका मात्र रोज पहाटे खांद्यावर कावड घेऊन झऱ्यावर जायचे आणि दोन डबे जानीबायच्या दारात ठेवून यायचे. ती बोलायची नाही. सून सांगायची, आधी आधी ती त्या पाण्यानं नुसती भांडी घासायची. श्रावणात कधीतरी तेच पाणी तिच्या माठात दिसायला लागलं. बोलणं मात्र नाहीच.

पावसाळा संपल्यावर पहिली बाटली भरली. काका खिशाला हात लावून आले. तोवर मोतीबिंदूनं त्यांची नजर अंधूक झाली होती, बाटलीचा रंग कळत नव्हता. "बघ. घरची मना बरं वाटावं म्हनून कायबी सांगतील. तू खरं सांग." मी बघितली. बुडाशी काळा धागा होता. अगदी बारीक. "काळी आहे, काका." त्यांनी मान हलवली आणि विहीर पुन्हा उपसायला गेले. महिनाभरानं दुसरी भरली. पिवळी! मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या टेबलावरचे साहेब दचकले. काका म्हणाले, "एक." मग आणखी एक पिवळी. "दोन."

तिसरी बाटली खिशात असतानाच त्यांना धाप लागली. त्यांना जव्हारच्या रुग्णालयात आणलं. फाल्गुनात ते गेले, त्याच्या आधीची ही माझी त्यांची शेवटची भेट. मी दुपारी गेले तर नर्स माझ्यावरच उखडली, "तुमचे काका आहेत ना हे? शर्ट बदलू देत नाहीत! खिशात काय आहे ते दाखवत नाहीत!" काका उताणे पडलेले, नाकात नळी, डावा हात खिशावर. मला आवाजावरून ओळखलं. "बाय, हायस का?"

"आहे."

"चारला दोन दिस पुरे होतील."

आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. चार वाजले तेव्हा त्यांनी स्वतः बाटली काढून माझ्या हातात दिली. कोमट होती. मी खिडकीशी जाऊन ती उजेडात धरली, तिरकी केली, हलवली, बूड बघितलं.

"पिवळी आहे."

"बुडाला?"

"बुडालाही पिवळी. काका, देवाशपथ."

"तीन," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी तिथूनच पाड्यावर फोन लावून सांगितलं आणि त्यांच्यापाशी बसून राहिले. अंधार पडल्यावर दारात हालचाल झाली. जानीबाय उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात पाच लिटरचा कॅन. नर्सनं तिला अडवलं, "अहो मावशी, बाहेरचं पाणी पेशंटला चालत नाही. कुठलं पाणी आहे हे?"

जानीबाय जरा थांबली.

"लखमाच्या हिरीचं," ती म्हणाली.

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांची पाठ हलत होती. मी नर्सला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि सांगितलं, पाण्याची जबाबदारी माझी, मी तपासलंय. जानीबायनं पेला भरला, पलंगाच्या त्या बाजूला गेली आणि त्यांच्या हातात दिला. "सगली पेली. दाखवून पेली. पोर पन पेली. आता तूच राहिलास."

त्यांनी एक घोट घेतला. तोंडात घोळवला, गिळला. कपाळाला आठ्या पडल्या.

"पावडर जास्त झालीय. कोनी टाकली?"

"मी टाकली. तू हितं पडलास, मग कोन टाकल?"

"जास्त झालीय," ते म्हणाले, उरलेलं पाणी घटाघटा प्याले आणि पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.